घरी बांधलेलं विमान: ऐकीव आणि खरं

'अमुक गावच्या पोरानं विमान बनवलं' अशी बातमी आली की नगर जिल्ह्यात तिचं कौतुक जरा जास्तच होतं, आणि ते साहजिक आहे. इथे एमआयडीसी आहे, लष्कराचं रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे. बंद पडलेला ट्रॅक्टर बांधावरच चालू करून देणारे फिटर तर तालुक्या-तालुक्यात भेटतात. अडचण एवढीच की बातमी विमान बांधून झालं तिथे संपते. ते विमान उन्हाळा-पावसाळ्यात उडण्याजोगं कसं ठेवायचं, इंजिन कुरकुरलं तर दोष कुठे शोधायचा, याबद्दल जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. त्यातलं काही तर जिवावर बेतणारं असतं.

महाराष्ट्रातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर 2019 मध्ये मिळाला आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत गेलं. लोकांच्या लक्षात गच्ची राहिली. मला मात्र प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंतची चार वर्षं जास्त बोलकी वाटतात.

गैरसमज: एकदा उडालं की विमान सिद्ध झालं.

राइट बंधूंचं 1903 चं विमान पहिल्या खेपेला 12 सेकंद हवेत राहिलं. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याच्या झोताने ते उलटलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. ऑक्टोबर 1905 मध्ये त्यांचं तिसरं विमान सुमारे 39 मिनिटं सलग उडालं. मधली दोन वर्षं पडणं, दुरुस्त करणं, एखादा भाग बदलणं आणि पुन्हा तपासणं यात गेली.

आजही चित्र फार वेगळं नाही. हौशी बांधणीची विमानं सगळ्यात जास्त अमेरिकेत आहेत. तिथल्या अपघात तपास मंडळाने 2012 साली त्यांचा खास अभ्यास केला. छोट्या विमानांच्या ताफ्यात घरगुती बांधणीच्या विमानांचा वाटा जवळपास 10 टक्के; 2011 च्या अपघातांत तो 15 टक्के आणि जीवघेण्या अपघातांत 21 टक्के निघाला. कारणांमध्ये आघाडीवर दोन गोष्टी होत्या, इंजिन किंवा इंधनव्यवस्था बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं. म्हणूनच तिथे नव्या विमानाला सुरुवातीचे 25 किंवा 40 तास ठरावीक क्षेत्रातच चाचणीची उड्डाणं करावी लागतात. त्यानंतर दर बारा महिन्यांनी तपासणी असते.

गैरसमज: ज्याला लुना खोलता येते त्याला हे इंजिन काय जड?

कायनेटिकची लुना नगरच्या कारखान्यात बनत होती, त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिन हे या गावाच्या हाताखालचं आहे. हलक्या विमानांची एक मोठी पिढी टू-स्ट्रोकवरच उडाली. तरीही हा गैरसमज घातक आहे, कारण दोन्ही इंजिनांचं जगणं वेगळं. लुना बाजारात जाते, सिग्नलला थांबते, पूर्ण रेस तिला क्वचितच लागते. विमानाचं इंजिन मात्र उड्डाणाच्या वेळी पूर्ण ताकदीवर आणि नंतर तासन्‌तास पाऊण ताकदीवर चालतं. रोटॅक्स 582 हे 64 अश्वशक्तीचं प्रसिद्ध टू-स्ट्रोक इंजिन उत्पादक 300 तासांनंतर पूर्ण खोलायला सांगतो. मोपेडवाल्याला हा आकडा हास्यास्पद वाटेल. वर बसणाऱ्याला तो वाटता कामा नये.

टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलसोबतच आत जातं. उंचावरून रेस मिटून लांबवर उतरत आलात तर पेट्रोल कमी आणि म्हणून ऑइलही कमी. शिवाय इंजिन थंड पडलेलं. अशा वेळी घाईने पूर्ण रेस दिली की पिस्टन लगेच तापून फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि इंजिन सीझ होतं. नीट गरम न करता उड्डाण घेतलं तरी हेच घडतं. लुना सीझ झाली तर ढकलत घरी आणता येते.

'स्टार्ट झालं, अर्धा तास चाललं, झालं की!' हे वाक्यही याच घरातलं. त्याला नगरकडेच चोख उत्तर आहे. 'निशांत' या मानवविरहित विमानासाठी बंगळूरची एनएएल, नगरची व्हीआरडीई आणि बंगळूरचीच एडीई या संशोधन संस्थांनी मिळून रोटरी पद्धतीचं, सुमारे 30 किलो वजनाचं देशी इंजिन तयार केलं. त्यातली प्रज्वलन आणि इंधनाची व्यवस्था व्हीआरडीईची. 29 मार्च 2009 रोजी कोलारजवळच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवरून ते पहिल्यांदा उडालं आणि सुमारे 40 मिनिटांनी सुखरूप परत आलं. त्याआधी जमिनीवर बांधून त्याच्या दीर्घ, कसोटी पाहणाऱ्या चाचण्या झाल्या आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेने मंजुरी दिल्यावरच ते हवेत गेलं. आत माणूस बसणार नव्हता, तरीही.

गैरसमज: पेट्रोल ते पेट्रोल, पंपावरचं चालतं.

यावर थोडं थांबायला हवं, कारण हा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या उसातून आलेला आहे. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांना इथेनॉलने नवं उत्पन्न दिलं, ते चांगलंच झालं. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल साधारण 20 टक्के असतं आणि हलक्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स 912 मालिकेला उत्पादकाने 10 टक्क्यांपर्यंतच मुभा दिली आहे. इंजिन त्या पेट्रोलवर सुरू होतं, म्हणून लोक फसतात. त्रास पुढे सुरू होतो. टाकीच्या आतलं सीलंट मऊ पडतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्यांचे कण सुटून फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात.

दुसरा त्रास पाण्याचा. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, ते टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून रोज पहिल्या उड्डाणाआधी तळाच्या नळीतून काचेच्या भांड्यात थोडं पेट्रोल काढून पाहायची पद्धत आहे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. इथेनॉल मात्र पाणी पोटात घेतं. भांड्यात सगळं स्वच्छ दिसतं आणि तपासणारा निश्चिंत होतो. रात्री थंडी पडली किंवा वर गेल्यावर इंधन गार झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली उतरतात. मग इंजिनाला थेट तोच थर मिळतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो.

आपल्या हातातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे कुणालाही पाहता येतं. मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत 10 मिली पाणी घ्या, वर 100 मिली पेट्रोल घाला, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर 10 वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो 30 च्या आसपास चढला तर अंदाजे 20 टक्के आहे. हे काम आगीपासून दूर, मोकळ्यावर करायचं, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा त्रास वाफेचा. एप्रिलच्या दुपारी छोटी फेरी मारून इंजिन बंद केलं की झाकणाखालची उष्णता नळ्यांत मुरते. पंपावरचं पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं तर नळीत वाफेचे बुडबुडे असतात आणि इंजिन मिसिंग करू लागतं. लोक प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलतात. तोवर सगळं गार झालेलं असतं आणि कार्बोरेटर खोलल्याने दोष गेला असा समज पक्का होतो. नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण घालणं, त्या सायलेन्सरपासून दूर नेणं आणि काही वेळ झाकण उघडं ठेवणं हे खरे इलाज. विमानाचं पेट्रोल आता देशातही तयार होतं. इंडियन ऑइलने वडोदऱ्यातून ते सप्टेंबर 2022 मध्ये बाजारात आणलं. त्यात शिसं असतं, त्यामुळे रोटॅक्ससारख्या इंजिनात ते नेहमी वापरलं तर ऑइल लवकर बदलावं लागतं.

गैरसमज: जमिनीवर छान चालतंय, म्हणजे दोष गेला.

बिघाड शोधताना सगळ्यात जास्त फसवणारी समजूत हीच. एक नेहमीचा प्रसंग घ्या. विमान वर जातं, दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन दम तोडायला लागतं, वैमानिक कसाबसा उतरतो. खाली येऊन सुरू केलं तर इंजिन ठणठणीत! प्लग पाहिले, छान. कार्बोरेटर पाहिला, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा वेळी टाकीत हवा आत येण्याची बारीक नळी आधी पाहावी. टाकीतून पेट्रोल निघतं तेवढी हवा आत यावी लागते. ती नळी बुजली की टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो आणि पेट्रोलचा ओघ आटतो. खाली उतरून झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि दोष पळून जातो. नळी बुजवणारी बहुतेक वेळा कुंभारीण असते. चिखलाचं घर करणारा हा कीटक आपल्या गोठ्यात, मीटरच्या पेटीत, दाराच्या कडीत सगळीकडे असतो आणि पेन्सिलएवढ्या व्यासाचं भोक त्याला फार आवडतं. वेगमापकाला हवा पुरवणारी पिटो नळीही तशीच. फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात 189 जणांना घेऊन एक मोठं प्रवासी विमान कोसळलं. पिटो नळी बुजल्याने वेग चुकीचा दिसत होता आणि संशय अशाच कीटकाच्या घरावर आहे. हँगरमध्ये विमान दोन दिवस जरी उभं राहणार असलं तरी प्रत्येक भोकावर लाल फीत लावलेलं टोपण बसवायचं, आणि उडण्यापूर्वी ते काढल्याची खात्री करायची.

जमिनीवर विमान आडवं असतं, चढताना नाक वर असतं. म्हणून इंधनाचा ओघ विमान त्याच तिरक्या अवस्थेत ठेवून मोजावा लागतो. शेपटीचं चाक खड्ड्यात उतरवा किंवा पुढची चाकं फळ्यांवर चढवा, कार्बोरेटरची नळी सोडून ती मोजपात्रात धरा आणि घड्याळ लावा. पंपाने इंधन येत असेल तर पूर्ण ताकदीला लागतं त्याच्या सव्वापट, नुसत्या उताराने येत असेल तर दीडपट ओघ हवा. 100 अश्वशक्तीचं रोटॅक्स 912 पूर्ण ताकदीला तासाला साधारण 27 लिटर पितं. म्हणजे पंप असेल तर पाच मिनिटांत 2.8 लिटर आणि उतार असेल तर जवळपास 3.4 लिटर पात्रात पडलं पाहिजे. टाकीत पेट्रोल कमी असतानाच हे मोजावं, कारण भरलेल्या टाकीचा दाब दोष लपवतो.

प्रज्वलनाचंही असंच. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि दोन स्वतंत्र व्यवस्था असतात; उड्डाणाआधी एकेक बंद करून फेरे किती पडतात ते पाहतात. थोडे पडणारच. प्रत्येक सिलिंडरच्या धुराचं तापमान दाखवणारं मीटर असेल तर तेच दोष बोट दाखवून सांगतं. एक प्लग बंद केला की ज्वलन सावकाश होतं, वायू जास्त गरम असतानाच बाहेर पडतो आणि तापमान वाढतं. सगळ्यांचं वाढलं आणि एकाच सिलिंडरचं घसरलं, तर त्या सिलिंडरचा उरलेला प्लग किंवा त्याची वायर मेली आहे. इतर तीन प्लगना हात लावायची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग चालवून पाहायचं. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला ते कधीच कळत नाही.

गैरसमज: आपल्याकडे बर्फ कुठून येणार?

कार्बोरेटरमध्ये येतो. तिथे हवा अरुंद गळ्यातून जोराने जाते, पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्हींमुळे तापमान 30 अंशांहूनही जास्त घसरू शकतं. बाहेर 38 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असतानाही बर्फ धरल्याची नोंद वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकांत आहे; मुख्य धोका मात्र 20 अंशांच्या आसपास आणि दमट हवेत. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची श्रावणातली सकाळ किंवा प्रवरेकाठचं डिसेंबरमधलं धुकं यात चपखल बसतं. फेरे हळूहळू पडत जातात, मग इंजिन खडखडतं. कार्बोरेटरला गरम हवा देणारी खिटी ओढली की आधी आणखी बिघडतं, कारण वितळलेलं पाणी इंजिनात जातं. नवखा माणूस घाबरून खिटी परत ढकलतो. ती ओढूनच ठेवायची असते. उतरल्यावर कार्बोरेटर उघडला तर आत काहीच सापडत नाही, बर्फ वितळून गेलेला असतो.

गैरसमज: उन्हाळ्यात इंजिन दम टाकतं, म्हणजे रिंगा गेल्या.

नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर आहे. मे महिन्यात 40 अंशांला तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी ते साडेपाच हजार फुटांवर उभं असतं. ताकद साधारण सहाव्या हिश्शाने कमी, पंखांना मिळणारी उचलही कमी, धावपट्टी जास्त लागते. मग हा हवेचा परिणाम की इंजिनाचा दोष? विमान घट्ट बांधून पूर्ण रेस द्या आणि फेरे पाहा. पात्यांचा कोन कायम असलेल्या पंख्यात विरळ हवेने इंजिनाची ताकद आणि पंख्यावरचा भार दोन्ही सोबतच कमी होतात, म्हणून फेरे जवळजवळ नेहमीइतकेच राहतात. ते लक्षणीय पडले असतील तरच इंजिन खोला. नेहमीइतके असतील तर पहाटे उडा.

गैरसमज: बोल्ट बाजारातलाही तितकाच मजबूत.

मार्केट यार्डाजवळच्या दुकानात चकचकीत स्टीलचा बोल्ट मिळतो आणि तो गंजतही नाही. विमानाच्या बोल्टची ताकद ठरलेली असते, दर चौरस इंचाला 1,25,000 पौंड. त्याहून महत्त्वाचा असतो त्याचा बिनआट्यांचा गुळगुळीत भाग, जो जोडाच्या जाडीएवढाच असतो. बाजारातल्या बोल्टचे आटे भोकात येतात. ते भोक कुरतडतात आणि तिथूनच तडा सुरू होतो. नायलॉक नट साधारण 120 अंशांपर्यंतच टिकतो, म्हणून इंजिनाच्या गरम भागात तो चालत नाही. आणि जिथे जोड फिरतो तिथे खाचांचा नट आणि स्प्लिट पिनच हवी. घट्ट करताना टॉर्कचा पाना वापरायचा; 'हाताला अंदाज आहे' हे इथे ऐकून घेऊ नये.

लाकडी पंखा असेल तर आणखी एक. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पंख्याचे बोल्ट सैल पडतात. पावसाळ्यात ते फुगतं आणि तेच बोल्ट लाकूड चिरडतात. ऋतू बदलला की टॉर्क पुन्हा तपासायचा.

गैरसमज: स्वतःच्या शेतात, स्वतःच्या विमानाला परवानगी कशाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण वेल्डरने मोटारीचं इंजिन लावून स्वतः हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये एका रात्री जमिनीवर चाचणी घेताना पातं तुटलं आणि त्याचा जीव गेला. तो आळशी नव्हता, अडाणीही नव्हता. फिरत्या भागांची स्वतंत्रपणे तपासणी करणारं आणि 'आत बसून चालवू नकोस' म्हणणारं कुणी त्याच्याजवळ असायला हवं होतं. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी झालेली तपासणी. 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे, आणि नोंदणी व उड्डाणाच्या परवान्याशिवाय माणूस बसलेलं विमान उडवता येत नाही, मग शेत कुणाचंही असो. शिवाय नगरजवळ के. के. रेंजवर लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, शिर्डीच्या काकडी विमानतळावर 1 ऑक्टोबर 2017 पासून प्रवासी विमानं उतरतात. वरचं आकाश मोकळं दिसतं, ते मोकळं नसतं.

गैरसमज: तयार विमान विकत घेतलं की ही सगळी कटकट वाचते.

2011 च्या त्याच अमेरिकी अपघातांत निम्म्याहून जास्त विमानं अशी होती की ती बांधणाऱ्याकडून दुसऱ्याने विकत घेतलेली होती. बांधणाऱ्याला प्रत्येक नळीचा रस्ता माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून वापरलेलं घरगुती विमान पाहायला गेलात तर रंग आणि गादी नंतर पाहा, आधी लॉगबुक मागा. कोणत्या तारखेला, इंजिन किती तासांवर असताना, कोणता भाग काढला, कोणता बसवला, किती टॉर्क दिला आणि नंतर चालवून काय आढळलं, असं त्यात लिहिलेलं हवं. 'सर्व्हिसिंग केली, ओके' एवढंच असेल तर ते न लिहिल्यासारखं समजा. इंधनाच्या रबरी नळ्या कधी बदलल्या ते विचारा. रोटॅक्स पाच वर्षांची मुदत देतं, मग विमान उडालेलं असो वा नुसतं उभं असो. तारीख सांगता आली नाही तर सगळ्या नळ्या बदलण्याचा खर्च सौद्यात धरा, आणि त्या बदलून, इंधनाचा ओघ मोजून झाल्याशिवाय ते विमान जमिनीवरून हलवू नका.